भिजत घातलेली होडी

आमच्या घरात होडी बुडवतात. चुकून नव्हे, मुद्दाम, घरची माणसं उभी राहून. दिवाळी झाली की ती काठावर ओढून घेतात, शेवाळ खरवडतात, फळ्यांमधल्या सांध्यांत सुताचा पीळ ठोकतात, वरून राळ-तेल चोपडतात आणि उन्हात वाळू देतात. मग वापरायला काढायच्या आधी तिला काठालगतच्या उथळ पाण्यात नेऊन आत मोठाले धोंडे भरायचे आणि कडांपर्यंत बुडवून ठेवायचं. हरभरे भिजत घालावेत तशी होडी भिजत घालतात. वाळलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात, आणि मगच होडी माणसं न्यायच्या लायकीची होते. मुळशीच्या धरणाकाठी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. मी बीडकडची. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं, आणि त्यात काही बुडवायचं म्हटलं तर आधी भांडण होतं.

माझं आणि नवऱ्याचं जमलं हिंजवडीत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. त्याचं घर मात्र पाण्यापलीकडच्या गावात. रिसॉर्टवाले त्या पाण्याला बॅकवॉटर म्हणतात, सासरची माणसं नुसतं पाणी म्हणतात. आता तिकडे जायला वळसा घालून रस्ता आहे, जीप थेट दारात जाते. पण धरण झाल्यापासून त्या घरात आलेली प्रत्येक सून होडीनंच आलेली. सासऱ्यांनी बैठकीतच सांगून टाकलं, "मानपान काय बी करू नका, पर सून होडीतनंच येणार." मला तर हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. घोड्यावरून काय, कुणीही मिरवतं. होडीतून कोण मिरवतं?

अडचण एकच होती, आमचे अण्णा. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच आणि आमची भांडणं. अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी घरात 'पुढं सरका' याच आवाजात बोलायचे. माणसांनी खच्चून भरलेल्या गाडीला ते कधी भ्याले नाहीत, पण पाण्याला भयंकर भ्यायचे. माझं सासर बघायला चुलते जाऊन आले तेव्हा अण्णांना नेमका ताप आला होता, असं ते आजही सांगतात. त्यांनी ते घर फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. मी हट्टच धरला, लग्न लागलं की माझ्याबरोबर होडीत बसा, घर बघा आणि मग जा.

"बाप काठावरूनच माघारी फिरत असतो," अण्णा म्हणाले. "आन् त्या पाण्यात तर म्या पायबी घालणार न्हाय."

दिवसभर मी हुंदडत असायचे, पण एका गोष्टीची मला मनापासून धास्ती होती. होडी निघेल, अण्णा काठावर एकटे उभे राहतील आणि लांब लांब जाताना बारीक होत जातील. त्यांना तसं मागे सोडून मी जाऊच शकणार नाही असं मला वाटायचं.

लग्न अलीकडच्या काठाला, माले गावाच्या बाजूच्या एका कार्यालयात होतं. आमची मंडळी तीन दिवस आधीच येऊन पाण्याजवळच्या एका घरात उतरली होती. पहिल्याच सकाळी अण्णा आणि दोन्ही चुलते फेरफटका मारायला गेले, ते थेट सासऱ्यांनी लग्नासाठी याच काठाला ठेवलेल्या होडीकडे, कारण लेक ज्या वाहनातून जाणार ते तपासल्याशिवाय कंडक्टरला चैन कसं पडणार? बघतात तर होडी बुडालेली, आणि आत हे धोंडे!

आता आमच्या गावाकडे कुणाची विहीर सकाळी दगडांनी भरलेली सापडली, तर लोक दगडांना दोष देत नाहीत, भावकीला देतात. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निकाल लावून टाकला. नवऱ्यामुलाच्या भावकीनं लग्नात माती कालवायला होडी बुडवली! बोभाटाही करायचा नाही असं ठरलं, कारण व्याह्याची अब्रू ती आपली अब्रू. त्या भल्या माणसांनी सगळे धोंडे उपसले, होडी ओढून चढावर आणली, पालथी घातली आणि माघाच्या कडक उन्हात पार खडखडीत वाळवली. दृष्ट काढून लिंबू-मिरच्याही बांधल्या. लग्नाच्या सकाळी झेंडूच्या माळा लावून ती पाण्याच्या कडेला उभी केली, नि कुणाला चकार शब्द सांगितला नाही. सासऱ्यांना वाटलं, पुतण्यांनी बाहेर काढली. पुतण्यांना वाटलं, काकांनी काढली. लग्नघरात असंच चालतं.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, वरात काठावर आली. होडीत मी, नवरा, पाठराखीण म्हणून माझी चुलतबहीण, वल्ह्यावर सासरे आणि मधोमध रुखवताचा ढीग. मागून बाकीच्या वऱ्हाडाची मोटरबोट येणार होती, त्यामुळे जिवाला धोका नव्हता. अण्णा मोटरबोटीतही बसायला तयार नव्हते. डोक्यावर व्याह्यांनी बांधलेला मानाचा फेटा, हात मागे बांधलेले, आणि नजर माझ्याकडे सोडून सगळीकडे. सासऱ्यांनी होडी ढकलली. मी आता रडणार एवढ्यात पाय गार पडले.

"ताई," पाठराखीण कुजबुजली, "होडीला घाम फुटलाय!"

घाम कसला, कारंजी उडत होती. एका सांध्यातून, मग दुसऱ्यातून, मग जिकडे बघावं तिकडून. माझा शालू पोटरीपर्यंत भिजला. वरून फोटोवाल्याचा ड्रोन घोंघावत होता आणि काठावरून तो ओरडत होता, "मॅडम, स्माइल!" तोपर्यंत काठावर अण्णांनीही पाणी पाहिलं.

"होडी बुडायलीय! थांबवा!"

"नवरीची होडी माघारी फिरत न्हाई!" सासरे ओरडले आणि आणखी जोरात वल्हवू लागले.

आणि ज्या माणसानं पाण्यात पाय न घालण्याची शपथ वाहिली होती, तो माणूस नव्या कोऱ्या कपड्यांनिशी, बुटांसकट पाण्यात घुसला. कमरेएवढ्या पाण्यात त्यानं होडीची कड पकडली, नवऱ्यानं आणि मी काखेत हात घालून वर ओढलं, आणि अण्णा धाडकन रुखवतातल्या करंज्यांवर आले.

"होडी म्या वाळवली," अण्णांनी धापा टाकत कबुली दिली. "तुमच्या भावकीनं धोंडे टाकले होते ना, ते काढून!"

सासऱ्यांची वल्ही थांबली. "आवं पाव्हणं, ती धोंडं मीच ठिवली व्हती! भिजत घातली व्हती होडी!"

होडीत पाणी येतच होतं. मग सासरे असे काही हसत सुटले की होडी डुलायला लागली. अण्णा आधी ओशाळले, मग त्यांनाही आवरेना, मग आम्हा सगळ्यांनाच. मला हसून हसून उचकी लागली. बुडत्या होडीत इतकं हसणारं वऱ्हाड त्या पाण्यानं तरी पाहिलं नसेल.

पण अण्णांमधला कंडक्टर जागा झाला होता. "चला, मधी सरका! एका बाजूला गर्दी करू नका! जावईबापू, तुमी हितं. तू तितं." ही मावळी बोली ते कधी शिकले देव जाणे. रुखवतातली भांडी वाटली गेली. नवऱ्याच्या हातात पातेलं, माझ्या हातात हळदीकुंकवाची स्वस्तिकं काढलेली कळशी. लाडवांचा डबा सगळ्यात मोठा, पण तो भरलेला. लाडू पाण्यात टाकायचे? शक्यच नाही. पाठराखिणीला तो रिकामा करायचं काम मिळालं. ती एक लाडू आपल्या तोंडात कोंबायची, एक उपसणाऱ्याच्या. पाणी उपसायचं, लाडू गिळायचा, पुन्हा उपसायचं. सगळ्यात रुंद सांध्यातून पाणी धो धो येऊ लागलं, तशी अण्णांनी डोक्यावरचा फेटा सोडला आणि अंगठ्यानं दाबत दाबत सगळाच्या सगळा त्या फटीत कोंबला.

"पाव्हणं, मानाचा फेटा तो!" सासरे म्हणाले.

"लेक होडीत हाय माझी," अण्णा म्हणाले, आणि डबा घेऊन उपसायला बसले.

पलीकडे लागलो तेव्हा सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. सून येणार हे त्यांना माहीत होतं. सुनेबरोबर सुनेचा बाप येईल, तोही बोडका, चिंब आणि हातात लाडवांचा डबा घेऊन, हे माहीत नव्हतं. पण बाई मोठी खमकी. त्यांनी दोघा नवरानवरीवरून भाकरतुकडा ओवाळला, अण्णांकडे एकदा पाहिलं, आणि त्यांच्यावरूनही ओवाळून टाकला. "बाहीर काय हुबं ऱ्हायलाय? या, घर तुमचंच हाय."

मी माप ओलांडलं, आणि मागोमाग अण्णा आत आले. सासऱ्यांचा लेंगा-सदरा घालून त्यांनी सगळं घर हिंडून पाहिलं. नळ सोडून पाहिला, खिडकी ओढून पाहिली, स्वयंपाकघरातला दिवा लावून पाहिला. मी त्यांच्या मागे मागे, माझंच घर नव्यानं बघत. आनंदानं माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. कुठल्या नवरीच्या बापानं तिला थेट उंबऱ्याच्या आतपर्यंत सोडलं असेल?

संध्याकाळी एक पुतण्या त्यांना रस्त्यानं जीपमधून सोडायला निघाला. अण्णा पुढच्या सीटवर बसले, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की काठावर राहिलेलं रडणं आता येतंय. डोळे भरलेच.

अण्णांनी जीपच्या खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "येडी का काय. रडायलीस कशाला? आता वाट म्हाईत झालीय मला."

असं म्हणाले, आणि स्वतःच रडायला लागले.