मशीनगन बसवायची राहिली

आठवडाभर कचेरीत मी माणसांच्या ड्युट्या लावतो आणि रविवारी कथलाच्या माणसांच्या. दोन्हीकडं माणसं कमी, कामं जास्त. फरक इतकाच, की कथलाचा शिपाई रजेचा अर्ज घेऊन येत नाही.

हा युद्धखेळ आमच्या दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, माझ्या गळ्यात मारला. टेबलावर नकाशा, त्यावर बोटाच्या पेराएवढे सैनिक, आणि फासे टाकून लढाई. एका लढाईत वाचतील तेवढेच पुढच्या लढाईला. ही मोहीम दोन वर्षं चाललीय आणि खरं सांगतो, मी कंटाळलोय. रविवारी जेवण झालं की डोळे मिटायला लागतात, तेवढ्यात हुपरीच्या बसनं दाजी हजर. काखेत पैंजणांचा खोका, त्यात चांदी गुंडाळायच्या गुलाबी कागदात त्यांचं सैन्य.

आमचा एक नियम आहे, दाजींनीच केलेला. लढाईत गुण मिळाले की तुकडीला वरचं हत्यार घेता येतं, पण ते सैनिकाच्या हातात दिसलं पाहिजे. नुसतं तोंडी चालत नाही. जुनी बंदूक कापायची, कानशीनं घासायचं, नवी चिकटवायची. माझ्या सैनिकांच्या बंदुका आभाळाकडं, नाहीतर शेजाऱ्याच्या कानात रोखलेल्या. दाजींचं काम मात्र बघत राहावं असं. पैंजणांना घुंगरं झाळून जोडण्यात जन्म गेलेला माणूस.

यंदा त्यांचा हात थरथरायला लागला. घरात कबूल करायचं नावच नाही. तयार माल परत यायला लागला तेव्हा अक्कानं मला फोन केला.

"मला काय सांगत न्हाईत. तू बघतोयस की दर रविवारी. बंदुका बसवाय जमतंय काय, तेवढंच सांग. न्हाय जमत तर घरातली चांदीची भट्टी बंद करूया. परवा बोट भाजून घेतलंय."

झाली माझी हेर म्हणून नेमणूक. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भट्टी बंद केली तर या माणसानं दिवसभर करायचं काय? आणि नाही केली तर? मला अक्काचा राग आला, दाजींचा आला, त्या कथलाच्या फौजेचा तर जास्तच आला.

त्या रविवारी दाजींच्या पहिल्या तुकडीला मशीनगन मिळायची होती. मागच्या लढाईत त्यांनी पूल घेतला होता, त्यामुळं हक्काचीच होती. खोका उघडला तर सगळ्यांच्या हातात जुन्याच रायफली.

"मशीनगन कुठाय, दाजी?"

"ऱ्हाऊ दे. रायफली बऱ्या हाईत."

"आहे असं धरून खेळा की."

"धरून? मग नियम कशाला केला, पावणं?"

आणि रायफली घेऊन त्यांनी ती तुकडी उघड्या माळावर काढली, माझ्या दोन मशीनगनांसमोर. मी मुद्दाम भलतीकडं नेम धरायला लागलो तर दाजी ओरडले, "तिकडं कुणाला माराय लागलाय? समोर माझी माणसं हाईत की!" मी फासे टाकले. त्यांची माणसं पडत गेली आणि एकेकाला ते स्वतःच उचलून बाजूला ठेवत गेले, उजवं मनगट डाव्या हातानं दाबून धरून. बघवत नव्हतं.

खेळ संपल्यावर मी चहा केला. दाजींनी खिशातून एक पुडी काढून माझ्याकडं सरकवली. आत मशीनगन होती, बारीक, सुबक, आधी कधीतरी ओतून ठेवलेली. शेजारी एक सैनिक. बंदूक बसवायच्या नादात त्याचा हात कानशीनं पार खांद्यापर्यंत गेला होता.

"तुमीच बसवा."

"माझं काम वाकडं असतंय, दाजी."

"वाकडं तर वाकडं. बसतंय तरी." त्यांनी चहा बशीत ओतला, निम्मा टेबलावर सांडला. आम्ही दोघंही त्याकडं बघत राहिलो. "तुमच्या अक्कानं इचारलंय न्हवं तुमास्नी?"

मी मानेनंच हो म्हणालो. खोटं बोलायचंसुद्धा अंगात त्राण नव्हतं.

"मग सांगून टाका. माझ्या तोंडातनं न्हाय निघत."

मी फोन लावला. "काय रं, जमलं काय?" अक्कानं विचारलं.

"न्हाय."

दाजींनी हात पुढं केला, तसा फोन त्यांना दिला.

"मी यायच्या आत भट्टी काढून ठेव," ते म्हणाले. "माझ्यासमोर नको."

नेहमीच्या बसची वेळ झाली, तरी दाजी उठले नाहीत.