गुळावरची माणसं

शेवगावचा वाल्मिक नागापूरच्या रसायन कारखान्यात पहिल्यांदा आला, तेव्हा तिथं पोती उचलणाऱ्या बिभीषणला वाटलं, साहेबांनी नवा बॉयलरच मागवला. दार अंधारलं, गोदामातली मांजरं पळाली आणि त्या अंधारातून आवाज आला, "राम राम पाव्हनं! जेवायची सोय कुठं हाय?" दुपारी त्यानं बिभीषणचाच डबा फस्त केला, वर "वैनींना सांगा, मीठ कमी हुतं" असा निरोप धाडला. दुसऱ्या दिवसापासून बिभीषण दोन डबे आणू लागला.

भरतीला अशीच माणसं निवडत. छाती फुगवायला लावत, दंड दाबून बघत, बैलबाजारच तो.

कामही बैलाचंच. दोघं पिवळ्या भुकटीची पोती फोडून टाकीत ओतत. मास्क मागितला की सुपरवायझर गूळ देई. पाळी सुटताना तळहातावर एक खडा. त्यानं म्हणे छातीतली धूळ धुऊन निघते. वाल्मिक तर शुगरचा आजार असलेल्या कामगारांचेही खडे मागून खाई. एकदा चुकून मास्क आले, तर या शहाण्यानं आपला मास्क बायकोला, मनकर्णाला, मिरच्या कांडायला नेऊन दिला. "मला गूळ हाय की!"

मग वाल्मिकला खोकला आला. तो गडगडाटी आवाज गेला, शिट्टी उरली. शिडी चढेना, तसा सुपरवायझर म्हणाला, "स्वखुशीनं राजीनामा दे."

बिभीषण कारखान्याच्या डॉक्टरकडे धावला. "सायेब, रोग हितलाच हाय, येवढं तुमी म्हना. मंग कारखान्याला त्याला कामावर ठेवून विलाज करावा लागंल."

"बिडी ओढत असेल."

"त्यो तोंडात गुळाबिगर काय ठेवत न्हाई!"

डॉक्टरनं खिडकीतून फाटकावरचा फळा दाखवला. 'कामगार मृत्यू : शून्य.' "बघ. आमचे कामगार गावातल्या लोकांपेक्षा ठणठणीत आहेत."

"असनारच!" बिभीषणनं टेबलावर मूठ आपटली. "धडधाकट तेवढं आत घेता, मोडलं की भाईर काढता. थकला बैल इकायचा, आन् म्हनायचं, आमच्या गोठ्यात बैल मरत न्हाई! लाज वाटू द्या जरा!"

"गूळ वेळेवर खाता ना?" डॉक्टरनं विचारलं.

बिभीषणनं खिशातला खडा त्याच्यासमोर आदळला आणि तो बाहेर आला. बाहेर वाल्मिक बाकावर बसला होता. त्यानं राजीनाम्यावर सही करून टाकली होती.

"जाऊ दे रं," तो शिट्टीतून म्हणाला. "गावाकडं हवा चांगली हाय."

दिवाळीच्या आधी वाल्मिक शेवगावला घरी वारला. फळ्यावर शून्यच आहे.