पिपचे दात आणि डार्सीचा जोडा

ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरिनाच्या माळरानावर लोकर कातरणाऱ्या टोळीला मर्ल हॅनरहन बावीस वर्षं जेवू घालत होती. टोळीतली निम्मी कुत्री तिच्याच पायरीवर लहानाची मोठी झालेली. कुत्रं घडवावं ते मर्लनंच, असं गडी म्हणत. म्हणूनच पिपचं तिला जास्त लागलं होतं.

पिप ही दहा आठवड्यांची, केल्पी जातीची कुत्री, पुढे मेंढ्या वळणार होती. सोमवारी तिनं मर्लच्या तीन वर्षांच्या नातीच्या, टेसच्या पोटरीला दात लावले. रक्त आलं नाही, पण चार लाल ठिपके उठले.

"आई, ती खेळतेय हे कळतं मला," टेसची आई ब्रॉनी म्हणाली. "पण उद्या तोंडाला लागलं तर? शुक्रवारपर्यंत बघते. नाहीतर तिला दुसऱ्या फार्मवर देऊन टाक."

लेकीची भीती खोटी नव्हती, हे मर्ललाही पटत होतं. कोडं वेगळंच होतं. घरात पिप शहाण्यासारखी वागायची. दात लागले की मर्ल विव्हळायची, पाठ फिरवायची, आणि पिप सोडून द्यायची. मग दुपारपर्यंत सगळं विसरायची कशी?

मंगळवारी दहाच्या चहाला स्कोनचा, म्हणजे गरम छोट्या पावांचा ट्रे घेऊन ती कातरणीच्या शेडमध्ये गेली, आणि उत्तर समोरच दिसलं. लोकर कातरणाऱ्या डार्सीच्या जाड फेल्टच्या जोड्याला पिप लोंबकळत होती आणि तो तिला फळ्यांवरून ओढत होता.

"सोडू नकोस, पिप! धर त्याला!" सगळे ओरडत होते.

मर्लनं ट्रे खाली ठेवलाच नाही. "पिपला जो पाय देईल, त्याला आजपासून स्कोन नाही."

"अगं मर्ल, गंमत चाललीय!"

"तुझ्या पायात जोडा आहे, डार्सी. टेस अनवाणी फिरते. पिपला दोन्ही पाय सारखेच."

डार्सीनं पाय मागे घेतला. "मग करू काय?"

"विव्हळ. हात बांधून पाठ फिरव. ती शांत झाली की खुंटीवरची ती दोरी दे चावायला."

शंभर किलोचा डार्सी विव्हळला, तशा वाड्यातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या.

"अस्सं माझी सासू रडते," म्हातारा क्लेम म्हणाला.

गुरुवारपर्यंत सगळी शेड विव्हळायला शिकली. टेस दारातून बघत असायची.

शुक्रवारी दुपारी टेस पायरीवर बसली होती. पिपनं तिची टाच तोंडात धरली. ब्रॉनी उठायला गेली, मर्लनं तिची बाही पकडली.

"ओऽऽय!" टेस थेट डार्सीच्या सुरात विव्हळली. मग हातांची घडी घालून, पाठ फिरवून उभी राहिली.

पिपनं केव्हाच टाच सोडली होती. ती गोंधळून खाली बसली, मग पळत जाऊन दोरी घेऊन आली.

"हे टेसला कुणी शिकवलं?" ब्रॉनीनं विचारलं.

"मी नाही," मर्ल म्हणाली. "डार्सीनं."

"तरी दोघींना एकटं सोडायचं नाही हं, आई."

"नाही गं."

ब्रॉनीनं दोरी हातात घेतली. एक टोक उसवत आलं होतं. तिनं तिथं घट्ट गाठ मारली आणि दोरी पिपपुढे टाकली.