उशीतल्या तेवीस गोळ्या

केरळातल्या मलप्पुरमजवळच्या एका दवाखान्यात रमलत एकोणीस वर्षं औषधं देत होती. असाध्य दुखण्याच्या रुग्णांना मॉर्फिनच्या गोळ्या मोजून द्यायच्या, रुग्ण गेला की उरलेल्या मोजून परत घ्यायच्या आणि साक्षीदारासमोर नष्ट करायच्या. गोळ्या कमी भरल्या तर काय करायचं, हे तिला पाठ होतं.

म्हातारे सैदालवी बायकोच्या गोळ्या घेऊन आले, तेव्हा मात्र ती बुचकळ्यात पडली. पात्तुम्माला जाऊन आठ दिवस झाले होते आणि गोळ्या तेवीस जास्त भरत होत्या.

"इक्का," तिने थोरल्या भावाला मारतात तशी हाक मारली, "रोज सहा द्यायच्या होत्या ना?"

"दिल्या की, पोरी. तिच्या हातावर ठेवायचो आणि पाणी आणायला जायचो. काल उशीचा अभ्रा धुवायला काढला, तर त्यातून ह्या पडल्या."

"पण मी फोन केला की त्या म्हणायच्या, आता दुखत नाही."

"मलाही तेच सांगायची." त्यांनी गोळ्यांकडे पाहिलं. "मग तिला दुखत होतं का गं?"

गुंगीत नमाज चुकेल म्हणून ठेवल्या असतील, की खरंच गरज नव्हती? 'नव्हतं दुखत' म्हटलं असतं तर म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटलं असतं, पण रमलतची जीभ रेटेना.

"मला नाही ठाऊक, इक्का."

परिचारिकेला साक्षीला बोलावून तिने गोळ्या पुन्हा मोजल्या आणि नोंदवहीत लिहिलं : रुग्णाने घेतल्या नाहीत. पुढे कारणाचा रकाना होता. तिथे पेन टेकवून ती बसून राहिली. सैदालवीही उठले नाहीत.