चौथा उद्गार

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या चर्चच्या मंडळीत क्रुसावरचे सात उद्गार सात जण समजावून सांगतात. कुणाला कोणता, ते पाळकसाहेब महिनाभर आधी जाहीर करतात. सगळ्यांचा डोळा चौथ्यावर. येशू देवाला विचारतो, मला का सोडलंस, तो उद्गार. त्या वेळी लहान मुलंसुद्धा चुळबुळ थांबवतात.

मी सोनईच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. बोलण्यावर तर माझं पोट चाललं. तरी माझ्या वाट्याला दरवर्षी पाचवा यायचा, तहानेचा. गेल्या वर्षी चौथा मलाच, असं धरून मी वहीभर लिहूनही ठेवलं होतं. तो मिळाला आमच्या गल्लीतल्या, खुरपणीला जाणाऱ्या बाईला. तिला सही करतानाही घाम फुटतो.

माझ्या पोटात दुखलं, लपवत नाही. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "मुलगा गेला म्हणून दिला तिला. अभ्यासाला कुणी विचारत नाही."

"मग तुला काय, तिचं दुःख हवंय का?" ह्यांनी विचारलं. मी भांडी आपटत राहिले. हवंच होतं मला. दुःख नव्हे, त्याला मिळणारा मान.

तिचा मुलगा आदल्या हिवाळ्यात गेला. उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. त्यानंतर सगळी मंडळी तिच्या घरी लोटली. माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा दोघी आल्या होत्या, त्याही स्वतःच्याच ऑपरेशनचं सांगून गेल्या. महिला मंडळानं ठरवलं, दुपारी तिच्याजवळ कुणीतरी बसायचं. माझं घर जवळ, म्हणून रोज मलाच जावं लागायचं. बाकीच्या येऊन वचनं वाचायच्या, रडायच्या, प्रार्थना करायच्या. मी कोपऱ्यात तोंड फुगवून बसायची. माझ्या वेळी कुठे गेला होता एवढा उमाळा, एवढंच मनात घोळायचं.

उत्तम शुक्रवारी ती कागदाशिवाय उभी राहिली.

"मी देवाला लई विचारलं, का सोडलंस. समद्या म्हनायच्या, देवाची योजना हाय. मला राग यायचा. ह्या बाई तेवढ्या रोज येऊन बसायच्या. एक शब्द बोलल्या न्हाईत. शाळेतल्या बाई, त्यांना बोलनं काय अवघड हुतं? तरी गप बसल्या. मग मला वाटलं, देव बी असाच गप बसला असंल माझ्यापाशी. सोडून न्हाई गेला."

एवढं बोलून ती खाली बसली. माझ्या अख्ख्या वहीत यातलं एक वाक्य नव्हतं, आणि त्याचाही मला हेवा वाटला. मग लक्षात आलं, सगळं चर्च वळून माझ्याकडे बघतंय. ज्या मानासाठी मी वर्षानुवर्षं जळत होते, तो समोर होता आणि मला मान वर करवत नव्हती.

उपासना सुटल्यावर तिनं दारात माझा हात धरला. "बाई, नीट बोलले का मी?"

"नीट बोललीस," मी म्हटलं.

खरं ओठांवर आलं होतं. अगं, मी तुझ्यासाठी गप्प नव्हते, तुझ्यावर जळत होते. पण ते बोलले असते, तर तिच्यापाशी बसलेला देव मीच उठवून नेला असता. मी गप्प राहिले, आणि तिच्यासाठी गप्प राहण्याची माझी ती पहिलीच वेळ.