भिवंडीच्या बंदरावर, बाबांच्या मागोमाग

"भिवंडीला फिरायला कोणी जातं का?" नवऱ्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. लोक तिथं कापड घ्यायला जातात, गोदामात ड्युटीला जातात, नाहीतर ट्रॅफिकमध्ये अडकायला जातात. पण गेल्या महिन्यात माझे बाबा भाजी आणायला गेले आणि घराची गल्ली चुकले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ओळखीच्या जुन्या जागी न्या. वाट त्यांना दाखवू द्या, तुम्ही फक्त बघा." बाबांची उभी हयात भिवंडीत कापडाच्या लूमवर गेली. कुठं जायचं विचारलं तर म्हणाले, "बंदरावर." डॉक्टरबाईंचं मी त्यांना सांगितलं नाही.

भिवंडीला बंदर? मी ठाण्यात वाढले, तरी मला पत्ता नव्हता. बाबांच्या लहानपणी म्हणे भरतीच्या पाण्यावर कौलांचे, सुक्या मासळीचे मचवे खाडीतून कामवारी नदीत शिरायचे आणि थेट गावाला लागायचे. जवळच्या वडपे गावाहून आजोबा बैलगाडीत पेंढा भरून तिथं आणायचे, सोबत बाबा.

तुम्हाला जायचं असेल तर ठाणे स्टेशनहून सकाळी लवकर भिवंडीची बस धरा आणि खिडकी पकडा. कशेळीच्या पुलावर खाडी छान दिसते. पुढं गोदामं, कंटेनर आणि मेट्रोचे खांब, तेव्हा खुशाल झोप काढा. बाबा झोपले नाहीत. प्रत्येक स्टॉप यायच्या आधी त्याचं नाव पुटपुटत होते, एकही चुकलं नाही. मला हायसं वाटलं.

ते समाधान बसमधून उतरल्यावर लगेच संपलं. बाबा ऐटीत पुढं निघाले आणि लूमच्या खटखटाटात आम्ही एका बंद गल्लीत शिरलो. मागं फिरलो. दुसऱ्या गल्लीतून पुन्हा त्याच पानटपरीसमोर उगवलो.

"इथं विहीर व्हती," बाबा म्हणाले.

"चाचा, विहीर कधीच नव्हती इथं," पानवाला म्हणाला.

"थी ना, बंद कर दी," त्याचं गिऱ्हाईक म्हणालं.

आता यातून मी काय समजायचं? मोबाईलवर नदीची निळी रेघ अगदी शेजारून जात होती आणि समोर मला गटार दिसत होतं. बाबा चुकत होते की गाव, तेच कळेना. शेवटी रिक्षा केली. "नदीनाक्याला सोडतो," रिक्षावाला म्हणाला. मी म्हटलं, "नाका नको, बंदर हवंय." "बंदर मोहल्ला? मग उलटे आलात ना, ताई!"

मोहल्ल्याच्या तोंडाशी चहा-खारी घ्या, खारी ताजी असते. आत लाकडी कठड्यांची जुनी घरं, त्यांना खेटून नव्या इमारती आणि दोन्हींच्या दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. गल्लीच्या टोकाला झिजलेल्या दगडी पायऱ्या सापडल्या. खाली उतरताना डाव्या हाताला मशीद.

बाबा थबकले. "न्हाय. मशीद उजव्या हाताला व्हती. ही जागा न्हाय."

खाली तिवरं, चिखल, अडकलेलं प्लास्टिक आणि पाण्याची बारीकशी धार. शेजारच्या ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई लसूण सोलत होत्या. बाबा त्यांच्याकडे वळले. आवाज इतका बारीक झाला होता की मला तो त्यांचा वाटेना.

"बाई, पाणी इथवर यायचं ना? का मी मनानंच बोलतोय?"

"यायचं ना! मी लग्न होऊन आले तेव्हा या पायऱ्यांना मचवे लागायचे, भाऊ. बैलगाड्यांची ही लाईन वरती." त्यांनी सुरीनं वरचा रस्ता दाखवला. "बसा जरा, घाबरू नका."

बाबा बसले. पाण्याकडे तोंड करून नाही, वर रस्त्याकडे तोंड करून. मग हळूच उजवा हात मशिदीकडे केला. "बैल वर बांधलेले असायचे. बापूस बोलायचा, त्यांच्यावरची नजर काढू नको. पाण्याकडं बघायलाच गावत नसं." आणि हसले. मला रडू आलं. म्हाताऱ्या बाईंनी न विचारता पाणी आणून दिलं.

(नदी भरलेली बघायची असेल तर भरतीची वेळ बघून जा. आम्ही ओहोटीला गेलो होतो.)

परतीच्या बसमध्ये बाबा गाढ झोपले. मी मात्र गोंधळलेलीच. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची मशीद ज्यांना बरोबर हाताला सापडते, त्यांना जन्मभराचा ड्युटीला जायचा रस्ता कसा सापडत नाही? आणि नसलेली विहीर? की ती होती? घरी पोचेपर्यंत मी मनाशी ठरवलं होतं, डॉक्टरबाईंना फक्त पायऱ्यांचं सांगायचं.

दारात चपला काढताना बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "डाक्टरीनबाईला सांग, बंदर गावलं."

"तुला कुणी सांगितलं डॉक्टरांचं?"

"वाट न्हाय गावली," ते म्हणाले, "त्ये पन सांग."