जोड यायच्या आधी

आधीच सांगते, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी चहासोबत चिवडा खावा तसे वाचते. मजा येते, विश्वास बसत नाही. नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, आणि कुणी "मॅडम, मला असं वाटतं" म्हणालं की त्याची खैर नसते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते, घर वैशाली नगरात. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली होती. बाबा झोपेतच गेले, आणि गाडी माझ्याकडे आली. सोबत एक कामही आलं — आईला दुर्गला, मोहन नगरात फिजिओथेरपीला नेणं. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. गाडीला दणका बसला की तिच्या तोंडून अजून "आई गं" निघतं.

तर ही गाडी हायवेच्या फ्लायओव्हरवर अडखळायला लागली. झटके नाहीत, बंद पडणं नाही. अॅक्सिलरेटर दाबलेला असताना ताकद क्षणभर निघून जायची आणि परत यायची. आमचा मेकॅनिक साहू. त्याने प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला, इंजिनात हवा सोडणारं थ्रॉटल साफ केलं, स्वतः चालवून आणली. काहीच नाही.

"मॅडम, गाडी तो मक्खन है," तो म्हणाला. "आपको वहम हो रहा है."

वहम! मला भास होतात! पेटलेच मी. मग लक्षात आलं की मी एकटी असले की गाडी खरंच लोण्यासारखी चालते. आई शेजारी बसली की अडखळते. वजनाचा काही संबंध असेल म्हणून तिच्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवलं, वर बेल्टही लावला. शेजारच्या काकू गेटवरून बघत राहिल्या. पोतं आरामात फिरून आलं, गाडी एकदाही अडखळली नाही.

शेवटी साहूला म्हटलं, आईला घेऊनच चालव. तो स्टिअरिंगवर, आई त्याच्या शेजारी, मी मागे, इंजिनचे आकडे दाखवणारा त्याचा स्कॅनर मांडीवर घेऊन. फ्लायओव्हरवर चढलो आणि झालं. स्कॅनरवर थ्रॉटल सरळ बंद दिसलं, जणू चालवणाऱ्याने पाय काढून घेतला. साहू खाली स्वतःच्या पायाकडे बघत होता. पाय पेडलवर दाबलेलाच होता.

"पेडल का सेन्सर है मॅडम," तो म्हणाला. पण आवाज बारीक झाला होता.

सेन्सर असू शकतो, मलाही पटलं. पण मागे बसल्यामुळे मला आणखी एक गोष्ट दिसली. पुलाच्या दोन स्लॅबमध्ये जोड असतो ना, जिथे चाकं धडकतात — गाडी त्या जोडाच्या आधी अडखळत होती. प्रत्येक जोडाच्या. दणका बसल्यावर अडखळली असती तर मी म्हटलं असतं, वायर लूज आहे. पण दणका बसायच्या आधीच वायरला कसं कळणार? माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना.

घरी आल्यावर आईला विचारलं. ती भाजी निवडत होती, वरही बघितलं नाही.

"तुये बाबा पाय उचलतेत," ती म्हणाली. "मायं ऑपरेशन झालं तवापासून जोड आला का उचलत होते. म्हनत, क्रेननं माल ठेवाच्या आधी हात हलका करा लागते, ठेवल्यावर करून काय फायदा."

"आई, बाबा नाहीयेत."

"मले मालूम नाही काय?"

"मग सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

"तू दुरुस्त केली असती."

नंतर कळलं, फिजिओवाल्याने तिला कधीच सांगितलं होतं की व्यायाम घरी केला तरी चालेल. ती मला बोललीच नाही. ती व्यायामासाठी जातच नव्हती, त्या पुलासाठी जात होती.

मी साहूला फोन केला नाही. फिजिक्सची मास्तरीण, आणि सेन्सर बदलायला माझा हात होईना. आईचं ते एवढंच उरलेलं सुख मी कसं काढून घेऊ? पण पुढच्याच खेपेला पुलावर गाडी अडखळली आणि मागून ट्रक आला. हॉर्न, ब्रेकची किंकाळी... आमच्या आरशाला घासून तो पुढे गेला. पूल उतरून मी गाडी कडेला घेतली. आईचा चेहरा पांढराफटक.

"साहूले सांग," ती म्हणाली. "कर बाई दुरुस्त."

"आणि बाबा?"

"ते तं गेले. तू हायेस ना."

साहूने नवा सेन्सर टाकला. गाडी सुधारली. आईला घेऊन निघाले, जोड आला, धाडकन दणका बसला, आईच्या तोंडून "आई गं" निघालं. मग ती खिडकीकडे तोंड करून बसली ती मोहन नगर येईपर्यंत. मी गाडी चालवता चालवता रडले, लपवलंही नाही.

हो, साहूलाही चैन पडेना. त्याने जुना सेन्सर दुसऱ्या एका गाडीला लावून बघितला. अजून लावलेलाच आहे, ती गाडी एकदाही अडखळलेली नाही. म्हणजे तो खराब नव्हताच. मग अडखळणं बंद का झालं? आणि आधी का होत होतं, तेही फक्त आई असताना, फक्त जोडाच्या आधी? मी कागदावर सगळं मांडून बघितलंय. कुणाला सुचलं तर सांगा, टिंगल केलीत तरी चालेल.

फिजिओ आता बंद आहे, पण आईला मी अजून पुलावरून फिरवून आणते. मागच्या रविवारी आरशात बघितलं, मागे एकही गाडी नव्हती. जोड जवळ आला तसा मी हळूच पाय उचलला. गाडी मंदावली आणि अलगद पलीकडे गेली.

आई डोळे मिटून बसली होती. तिने ते उघडले नाहीत.

"वर्षे," तिने विचारलं, "तू उचलला काय पाय?"

"नाही आई," मी म्हटलं.